पॅडलमध्ये नेटवरचा बचाव: मारा अंगावर आला तरी जागा कशी राखावी

प्रश्न असा आहे. बॅडमिंटन सोडून पॅडलकडे, म्हणजे काचेच्या भिंतींनी वेढलेल्या कोर्टवर जोडीने खेळायच्या रॅकेटच्या खेळाकडे, वळलेली आणि वर्षभर नियमित खेळणारी एक जोडी सर्व्हिसनंतर व्यवस्थित नेटपर्यंत पोहोचते. मात्र समोरच्यांनी जोरात अंगावर मारले की यांची व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधी हवेतच मारलेला चेंडू, नेटमध्ये अडकते किंवा उंच उडून आयती त्यांच्या रॅकेटवर जाते. पायाशी हळू चेंडू आला की वाकताना तारांबळ उडते आणि लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू, पडला की दोघेही पाठ फिरवून धावत सुटतात. नेटवर उभे राहून बचाव करण्याचे तंत्र कोणते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

थोडक्यात सांगायचे तर अशा चेंडूचा वेग काढून घ्यावा आणि तो समोरच्याला खालून वरच मारावा लागेल अशा ठिकाणी टाकावा. यात हाताचे काम फार थोडे असते. उभे राहण्याची जागा, पावले थांबण्याची वेळ आणि रॅकेट आधीपासून कुठे धरली आहे, या तीन गोष्टींवर बहुतेक निकाल चेंडू येण्यापूर्वीच लागलेला असतो. म्हणून पुढील विवेचनात फटक्यापेक्षा तयारीबद्दल अधिक लिहिले आहे.

पॅडलमध्ये नेट एवढे मोलाचे का, हे आधी लक्षात घ्यावे लागते. कोर्ट 20 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. नेटची उंची मध्यभागी 88 सेंटीमीटर आणि कडेला जास्तीत जास्त 92 सेंटीमीटर असते. मागच्या काचेमुळे जोरात मारलेला चेंडू टप्प्यानंतर परत कोर्टात येतो, त्यामुळे मागे उभ्या असलेल्या जोडीला एका फटक्यात गुण मिळवणे अवघड जाते. तिची धडपड नेटवरच्या जोडीला तिथून हटवण्यासाठी चाललेली असते. अंगावर जोरदार फटका, पायाशी हळू टाकलेला चेंडू, ज्याला खेळाडू चिकिता म्हणतात, आणि डोक्यावरून लॉब ही तिची तीन हत्यारे असतात. प्रश्नात वर्णन केलेल्या तिन्ही अडचणी याच तीन हत्यारांच्या आहेत. त्यांना उत्तर देताना आपण तिथल्या तिथे गुण मिळवायला गेलो की जागा आणि गुण दोन्ही जातात. आणखी एक चेंडू परत टाकून जागा धरून ठेवली, तर पुढचा धोका पुन्हा त्यांनाच पत्करावा लागतो.

आता वेळेचा हिशेब पाहू. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. समोरचा खेळाडू त्याच्या नेटपासून 8 मीटर मागे असेल आणि तुम्ही नेटपासून 3 मीटरवर असाल, तर त्या वेगाच्या चेंडूला 11 मीटर कापायला अर्धा सेकंदही लागत नाही. समोरची जोडीही पुढे आली आणि दोघांमधले अंतर 6 मीटर उरले, तर ताशी 72 किलोमीटर वेगाचा चेंडू 0.3 सेकंदात तुमच्यापाशी येतो. एवढ्या वेळात रॅकेट मागे नेऊन पुढे आणणे कोणालाच जमत नाही. टेनिसमधून आलेले खेळाडू खांद्यामागे रॅकेट नेतात आणि उशिरा पोहोचतात. बॅडमिंटनवाल्यांची अडचण वेगळी असते. त्यांची नजर आणि हालचाल उत्तम असते, पण ते मनगटाच्या झटक्यावर विसंबतात. बॅडमिंटनची रॅकेट 80 ते 90 ग्रॅमची असते, तर पॅडलची बहुधा 350 ते 375 ग्रॅमची. चौपट वजनाच्या या ठोकळ्याला मनगटाने झटका दिला की रॅकेटचा चेहरा, म्हणजे चेंडू मारण्याचा सपाट भाग, दर वेळी वेगळ्या कोनात उघडतो, आणि काही महिन्यांनी कोपर दुखू लागते ते निराळेच. शिवाय पॅडलच्या रॅकेटची लांबी नियमाप्रमाणे 45.5 सेंटीमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे बॅडमिंटनच्या तुलनेत वीसेक सेंटीमीटर पोच कमी मिळते. हात लांबवून जे भागत होते ते आता पाय हलवून भागवावे लागते.

ग्रिप कॉन्टिनेंटलच हवी, म्हणजे रॅकेटची कड जमिनीला काटकोनात ठेवून हातोडी धरावी तशी मूठ. या पकडीत फोरहँड आणि बॅकहँड दोन्हींसाठी हात बदलावा लागत नाही, 0.3 सेकंदात तो बदलताही येत नाही. मुठीचा जोर मात्र कमी ठेवावा. बहुतेक हौशी खेळाडू मारा येणार हे दिसताच मूठ आवळतात, मग खांदा ताठ होतो आणि चेंडू रॅकेटवरून भिंतीवर आपटल्यासारखा उडतो. तळहात आणि करंगळीकडच्या दोन बोटांनी दांडा नीट धरावा आणि अंगठा व तर्जनी सैल ठेवावीत. दुसऱ्या हाताची बोटे रॅकेटच्या गळ्याशी, म्हणजे जिथे दांडा संपून चेहरा सुरू होतो तिथे, हलकेच टेकलेली असावीत. हा दुसरा हात रॅकेटचे वजन पेलतो, त्यामुळे मारणारा हात थकत नाही, आणि बॅकहँडकडे वळताना तोच हात रॅकेटला दिशा देतो.

रॅकेट कुठे धरावी याबद्दल दोन मते ऐकू येतात. छातीच्या उंचीवर धरा असे एक मत आहे आणि नेटच्या उंचीवर धरा असे दुसरे. माझ्या मते हे समोरच्याच्या चेंडूवरून ठरवावे. त्याला चेंडू कमरेच्या वर, आरामात मिळाला असेल, तर जोरदार फटका येणार असे धरून रॅकेट छातीसमोर ठेवावी. तो काचेला चिकटून गुडघ्याखालचा चेंडू उचलत असेल, तर जोराचा फटका त्याला शक्यच नसतो. चिकिता किंवा लॉब यांपैकीच काही येणार असते, तेव्हा रॅकेट थोडी खाली आणि मन लॉबकडे असावे. दोन्ही प्रसंगी रॅकेटचे डोके मनगटाच्या वर आणि कोपरे शरीराच्या पुढे असली पाहिजेत. कोपर बरगडीला चिकटलेले असेल तर अंगावर आलेला चेंडू खेळायला जागाच उरत नाही. स्वतःची तपासणी सोपी आहे: सरळ समोर पाहत असताना रॅकेटची वरची कड नजरेच्या खालच्या भागात दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर रॅकेट फार मागे किंवा फार खाली आहे.

नेटपासून किती अंतरावर उभे राहावे, याचे उत्तर चेंडूगणिक बदलते. सर्व्हिसची रेषा नेटपासून 6.95 मीटरवर असते. हल्ल्याची व्हॉली मारायला 2 ते 2.5 मीटरवरची जागा चांगली; पण समोरच्याकडे चांगला चेंडू गेला आहे हे दिसताच एक पाऊल मागे, साधारण 3 ते 3.5 मीटरवर सरकावे. त्या एका पावलाने थोडा वेळ मिळतो आणि लॉबही आवाक्यात राहतो. तुमची व्हॉली खोल आणि खाली बसली, समोरचा अडचणीत आला, की पुन्हा पुढे यावे. वर्षभर खेळलेल्या बहुतेक जोड्या नेटवर पोहोचल्या की एकाच जागी रुतून बसतात, किंवा नेटला इतक्या चिकटतात की डोक्यावरून साधा लॉबही त्यांना मागे पळवतो. नेटला चिकटण्यात आणखी एक धोका आहे: फटक्यानंतर रॅकेट, कपडा किंवा अंग नेटला लागले तर गुण जातो, आणि चेंडू नेट ओलांडून आपल्या बाजूला येण्याआधी व्हॉली मारता येत नाही.

पुढे-मागे सरकण्याइतकेच महत्त्व थांबण्याला आहे. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या किंचित आधी दोन्ही पायांनी जमिनीपासून जेमतेम सुटणारी छोटी उडी घ्यावी आणि त्याने मारल्या क्षणी खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा हलक्या ठेवून दोन्ही पायांवर उतरावे. हीच स्प्लिट स्टेप. ती घेतली की पहिले पाऊल कोणत्याही दिशेला टाकता येते. चालत चालत व्हॉली खेळणारा खेळाडू एका पायावर असतो आणि चेंडू नेमका त्याच पायाकडे आला तर काही करू शकत नाही. नेटकडे येताना अर्ध्या वाटेतच समोरच्याने मारायला हात उचलला, तर तिथेच थांबावे. नेटपर्यंत पोहोचण्याच्या हट्टापायी धावतच राहिल्याने जितके चेंडू चुकतात, तितके चुकीच्या तंत्रानेही चुकत नाहीत.

आता प्रत्यक्ष ब्लॉक, म्हणजे रॅकेट न फिरवता चेंडू नुसता अडवून परत टाकणे. चेंडू छातीच्या उंचीवर, जोरात, बॅकहँडकडे येत आहे असे समजा. खांदे थोडे वळतात, त्यांच्याबरोबर रॅकेट आपोआप बाजूला जाते. हात वेगळा मागे न्यायचा नाही. पुढचा पाय तिरका पडतो. चेंडूशी गाठ पुढच्या खांद्याच्याही पुढे पडते. चेहरा अगदी थोडा वर उघडा असतो. चेंडू लागण्याच्या क्षणी करंगळीकडची बोटे घट्ट होतात आणि रॅकेट पुढे फार तर एक वीतभर जाते. मनगट शेवटपर्यंत त्याच कोनात राहते. आवाजावरूनही कळते: बरोबर जमलेला ब्लॉक बसका आणि छोटा वाजतो, तर झटका दिलेला फटका फटकन वाजतो. चेंडूत मुळातच वेग असल्यामुळे एवढ्यावर तो समोरच्या सर्व्हिस रेषेपलीकडे जातो. तो आखूडच टाकायचा असेल, तर उलट त्याच क्षणी मूठ सैल सोडावी, म्हणजे रॅकेट थोडी मागे झुकते आणि वेग शोषून घेते. हा दुसरा प्रकार आधी शिकू नये. समोरची जोडी मागे असताना चेंडू अर्धवट आखूड पडला, तर पुढे धावत येऊन मारायला त्यांना तो आयताच सापडतो.

सरळ पोटावर किंवा उजव्या नितंबाकडे आलेल्या चेंडूला उजव्या हाताच्या खेळाडूने बॅकहँडनेच अडवावे. फोरहँडने अडवायला गेले की कोपर शरीरात अडकते. बॅकहँडचा चेहरा मात्र पोटासमोर आडवा धरता येतो आणि मांडीपासून छातीपर्यंतचा भाग झाकतो. उजवा पाय किंचित मागे नेऊन शरीर बाजूला काढले तर जागा आणखी मिळते. मारलेला चेंडू रॅकेटऐवजी शरीराला किंवा कपड्याला लागला तर गुण समोरच्याला जातो, त्यामुळे चांगले खेळाडू मुद्दाम अंगावर मारतात आणि त्यात गैर काही नाही. याच कारणाने डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावावा असे मी सुचवतो. पॅडलमध्ये तो अजून फारसा कोणी वापरत नाही. पण चौघेही नेटवर असताना चेंडू किती जवळून सुटतो हे वर सांगितलेच आहे.

ब्लॉक कुठे टाकायचा? पहिला ब्लॉक मध्यभागी आणि खोल. मध्यभागी नेट सर्वांत खाली असते, चुकीला दोन्ही बाजूंनी जागा असते आणि समोरच्या दोघांपैकी कोणी घ्यायचा याचा क्षणभर घोळ होतो. कोपऱ्यात टाकलेला चेंडू बाजूच्या आणि मागच्या अशा दोन्ही काचांना लागून त्रास देतो हे खरे, पण माऱ्याखाली असताना त्या कोपऱ्याचा मोह धरू नये. दबाव कमी झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या व्हॉलीला, कोपरा शोधावा. मध्यभागी टाकलेल्या चेंडूवरून समोरच्याला तिरका कोनही फारसा साधता येत नाही, म्हणून पुढचा मारा तुमच्या जवळपासच येतो.

सर्वच चेंडू अडवायचे नसतात, ही गोष्ट शिकवताना सर्वाधिक दुर्लक्षित राहते. समोरून आलेला चेंडू तुमच्या बाजूला टप्पा न पडता थेट मागच्या किंवा बाजूच्या काचेला लागला तर तो बाहेर धरला जातो. नेटवरून खांद्याच्या उंचीने, जोरात आणि अजून वर चढत जाणारा सपाट चेंडू बहुधा थेट मागच्या काचेवरच आदळतो. वरच्या हिशेबातलाच ताशी 90 किलोमीटर वेगाचा चेंडू नेटवरून 1.4 मीटर उंचीने, वर चढत आला, तर मागच्या काचेपाशी पोहोचेपर्यंत तो जमिनीपासून अर्ध्या मीटरहून वरच असतो. असा चेंडू रॅकेटने अडवणे म्हणजे मिळालेला गुण परत करणे. पण सोडायचा तर अंग पूर्ण बाजूला काढून सोडावा, कारण बाहेर जाणारा चेंडूही तुम्हाला लागला तर गुण तुमचाच जातो. टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, असलेला किंवा हळू आलेला चेंडू लवकर खाली बसतो, त्यामुळे तो खांद्याच्या उंचीचा असला तरी खेळावा. सराव सामन्यात मुद्दाम काही चेंडू सोडून पाहावेत. हा अंदाज पुस्तकी वाचनाने येत नाही.

चिकिताला उत्तर देताना कमरेतून वाकण्याची चूक सर्रास होते. कमरेतून वाकले की डोके पुढे जाते, रॅकेटचे डोके खाली लोंबते आणि चेंडू नेटमध्ये जातो. गुडघे वाकवून, मागचा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत खाली जावे, म्हणजे नजर चेंडूच्या उंचीजवळ येते. चेहरा छातीच्या उंचीच्या ब्लॉकपेक्षा अधिक उघडा ठेवून चेंडूच्या खालून पुढे असा लहानसा काप द्यावा. कापलेला चेंडू हळू जातो, तुम्हाला पुन्हा उभे राहायला वेळ मिळतो आणि टप्प्यानंतर काचेवरून तो खालीच राहतो. नेटखालच्या उंचीवरून जोरात मारलेला चेंडू नेट ओलांडण्यासाठी वर चढतो आणि वर चढलेला चेंडू समोरच्याला हवाच असतो. म्हणून पायाजवळच्या चेंडूला जोर लावणे पूर्ण वर्ज्य समजावे. शक्य असेल तर एक पाऊल पुढे टाकून चेंडू पायाशी पडण्याआधी, मांडीच्या उंचीवर घ्यावा; ते शक्य नसेल तर अर्धे पाऊल मागे येऊन टप्पा पडू द्यावा. या दोहोंच्या मध्ये, टप्पा पडता पडताच खेळणे शेवटचा पर्याय मानावा.

चिकिता टाकून समोरची जोडी लगेच पुढे येते. त्यांची चाल तीच असते. तुम्ही खाली वाकून वर मान करता तेव्हा ते सर्व्हिस रेषेच्या पुढे आलेले दिसतात. अशा वेळी खोल टाकण्यात अर्थ नसतो, कारण खोल चेंडू त्यांच्या छातीवरून जातो. तो पुढे येणाऱ्याच्या पायाशी, हळू टाकावा, म्हणजे त्यालाही खालून वर खेळावे लागते. आता चौघे नेटवर आहेत आणि ज्याचा चेंडू नेटच्या वर पहिल्यांदा तरंगतो तो हरतो. या देवाणघेवाणीत रॅकेट शरीरासमोर, हालचाल अत्यल्प आणि पाय जागेवर. फार तर त्यांच्या डोक्यावरून व्हॉलीनेच छोटा लॉब उचलावा. हा फटका हौशी खेळात फार कमी दिसतो आणि म्हणूनच चालतो.

आता लॉब. येथे बहुतेक जोड्या दोनच पर्याय ओळखतात: स्मॅश किंवा पळ. मधला पर्याय बांदेहाचा, आणि नेट राखण्याच्या दृष्टीने पॅडलमधील सर्वांत महत्त्वाचा फटका तोच, असे मी मानतो. लॉब उठला हे दिसताच आधी खांदे आणि कंबर बाजूला वळवावी, रॅकेट कानामागे वर जावी, दुसरा हात चेंडूकडे दाखवावा आणि आडव्या पावलांनी मागे जावे. पाठ करून धावू नये आणि समोर तोंड ठेवून उलट्या पावलांनी तर मुळीच मागे जाऊ नये. तसे जाताना माणूस मागच्या मागे पडतो. चेंडू डोक्याच्या किंचित पुढे व बाजूला, हात पूर्ण न ताणता घ्यावा आणि वरून खाली काप देत खोल, बाजूच्या काचेच्या दिशेने हळूच पाठवावा. चेंडू जमिनीवर पडून काचेला लागून येईपर्यंत तुम्हाला पुन्हा नेटकडे दोन-तीन पावले टाकता येतात. एवढ्यासाठीच तो मारायचा. बांदेहाने गुण मिळाला नाही म्हणून कोणी हिरमुसले, तर त्याला या फटक्याचा उद्देश समजलेला नाही. हल्ली विबोरा, म्हणजे बांदेहापेक्षा वेगवान आणि जास्त फिरकीचा डोक्यावरचा फटका, शिकण्याची घाई फार दिसते. जिला दहापैकी आठ बांदेहा खोल टाकता येत नाहीत, त्या जोडीने विबोराच्या नादी लागू नये.

काही लॉब मात्र सोडावेच लागतात. मागे जाताना सर्व्हिस रेषा ओलांडली आणि चेंडू अजूनही मागेच जात असेल, तर तो हवेत घेण्याचा अट्टाहास सोडून काचेवरून येऊ द्यावा, आणि तिथून स्वतः उत्तम लॉब टाकून नेट परत मागावे. हा निर्णय दोघांचा असतो. एक मागे आणि एक पुढे राहिला तर मध्ये जी तिरकी वाट उघडते, तिच्यातून कोणीही सामान्य खेळाडू चेंडू काढू शकतो. म्हणून ज्याच्या डोक्यावरून लॉब गेला त्याने ‘माझा’ किंवा ‘बदल’ (म्हणजे चेंडू जोडीदाराने घ्यायचा) एवढेच मोठ्याने म्हणावे आणि जोडीदाराने त्याच्या बरोबरीने मागे सरकावे. दोघांमध्ये साधारण तीन ते साडेतीन मीटरचे अंतर कायम राहील अशी हालचाल ठेवावी. चेंडू समोरच्यांच्या एका कोपऱ्यात गेला की त्याच्यासमोरच्या खेळाडूने बाजूच्या काचेकडे सरकून सरळ वाट बंद करावी आणि दुसऱ्याने मध्यभाग घ्यावा. लांबचा तिरका कोपरा उघडा राहतो, तो राहू द्यावा. तिथे मारणे सर्वांत अवघड असते.

सर्वांत कठीण मारा काचेवरून उंच उसळलेल्या चेंडूवर, वरून खाली मारलेल्या फटक्याचा असतो. त्याला बाहादा म्हणतात. तो बहुधा तुमच्याच बांदेहाने किंवा व्हॉलीने जास्त उंची घेतल्याचा परिणाम असतो. समोरचा खेळाडू काचेपासून पुढे येत, रॅकेट उंच धरून चेंडूची वाट पाहताना दिसला की दोघांनी एकत्र एक-दीड पाऊल मागे घ्यावे, खाली बसावे आणि रॅकेट नेटच्या उंचीवर आणावी, कारण हा चेंडू वरून खाली येतो आणि पायाशी उतरतो. त्याचा ब्लॉक मध्यभागी, तेवढाच. आणि तुमचा लॉब आखूड पडून समोरचा नेटजवळून स्मॅश मारणार असेल, तर वेळ असल्यास सर्व्हिस रेषेमागे जावे; वेळ नसेल तर आहात तिथेच थांबून खाली बसावे. पळता पळता पाठीवर चेंडू घेण्यापेक्षा ते बरे.

हवामानाचाही विचार करावा लागतो. मुंबईच्या पावसाळी दमटपणात चेंडूची लव ओल धरते, चेंडू जड होतो, आणि काचेवर दव जमले की तो उसळण्याऐवजी घसरून खाली बसतो. तिथे कापलेली हळू व्हॉली फार उपयोगी पडते आणि घामाने ग्रिप निसटू नये म्हणून ओव्हरग्रिप, म्हणजे दांड्यावर गुंडाळलेली पट्टी, वारंवार बदलावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत, विशेषतः कोरड्या उन्हाळ्यात, तोच चेंडू अधिक उडतो, तेव्हा ब्लॉकचा चेहरा थोडा कमी उघडावा आणि अर्धे पाऊल मागून खेळावे. रॅकेटबद्दल एवढेच की डायमंड आकाराच्या, कडक गाभ्याच्या रॅकेट व्यावसायिकांच्या हातात शोभतात. बचाव शिकणाऱ्याने गोल आकाराची, मऊ गाभ्याची रॅकेट घ्यावी. चेंडू नीट लागतो तो तिचा मधला भाग मोठा असतो.

व्यावसायिकांचे सामने पाहायचे असतील तर स्मॅशचे तुकडे न पाहता पूर्ण सामने पाहावेत. अर्जेंटिनाचा फर्नांडो बेलास्तेगिन सलग 16 वर्षे जगात पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि त्याच्या खेळात नेटवरच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या व्हॉलीचा संयम पाहण्यासारखा आहे. फेदेरिको चिंगोत्तो उंचीने लहान असूनही आलेखान्द्रो गालानचा जोडीदार म्हणून खेळताना नेटवर किती कमी हालचालीत चेंडू परत ठेवतो, तेही पाहावे. एक पूर्ण गेम चेंडूकडे न पाहता फक्त त्याच्या पायांकडे पाहिले, तर स्प्लिट स्टेपबद्दल मी वर लिहिलेले सर्व तिथे दिसेल.

सरावासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली: जोडीदाराने सर्व्हिस रेषेवरून बास्केटमधले चेंडू मध्यम वेगाने तुमच्या पोटावर, नितंबावर आणि खांद्यावर क्रम न सांगता मारावेत, आणि तुम्ही प्रत्येक चेंडू सर्व्हिस रेषेपलीकडे मध्यभागी ठेवावा. सुरुवातीला पाठीमागे, हातभर अंतरावर, एक ओळखीचा माणूस उभा करावा. रॅकेट मागे गेली की ती त्याला लागते आणि सवय दोन-तीन सत्रांत सुटते. दुसरी: एक जोडी नेटवर, एक मागे, आणि नियम असा की नेटवरच्या जोडीला थेट विजयी फटक्याचा गुण मिळणार नाही, मागच्या जोडीची चूक झाली तरच तिचा गुण. मागच्या जोडीला मात्र काहीही मारण्याची मुभा. अकरा गुणांनंतर जागा बदलाव्यात. पहिल्या दिवशी नेटवरची जोडी चिडते, कारण मोकळा चेंडू दिसत असूनही मारता येत नाही. आठवडाभरात तिचे ब्लॉक खोल जाऊ लागतात आणि मागच्या जोडीलाच घाई सुटते. तुम्ही दोघे बॅडमिंटनमधून आला आहात, तर पहिला सराव आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे, दुसऱ्या हाताची बोटे रॅकेटच्या गळ्यावर ठेवूनच सुरू करा. मनगट शांत झाल्याचे दिसले की मगच माऱ्याचा वेग वाढवायला सांगा.